मुरलीच्या गोधडीची कहाणी

ऐक चिंधाई माये, तुझी कहाणी. बायांनो, सुया टोचून ठेवा, दोऱ्याला गाठ मारा, मांडीवरची कापडं खाली ठेवा. हातात चार अक्षता घ्या. कहाणी चालू असताना मध्ये उठू नये. कुणाला रडू आलं तर रडू द्यावं, गप्प करू नये.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगराला नदी होती, नदीला घाट होता, घाटाच्या वरच्या अंगाला एक जुनी बाभळ होती. त्या बाभळीत चिंधाईचं ठाणं. तिला सोनं लागत नसे, नारळ लागत नसे. आल्यागेल्यानं आपल्या वस्त्राची एक चिंधी फाडावी, फांदीला बांधावी, हात जोडावे, की देवी प्रसन्न.

त्या नगरात निवृत्ती नावाचा एक गिरणीवाला राही. दिवसभर दळण दळी, संध्याकाळी पांढराफटक होऊन घरी येई. त्याची बायको गजराबाई. घर लहान, पण नीटनेटकं. दारी तुळस, परसात शेवगा. त्यांना एकच लेक, त्याचं नाव मुरली.

मुरली कसा होता? उंच होता, हसरा होता, कुणाच्याही हाकेला धावणारा होता. नगरात कबड्डीचा संघ उभा राहिला, मुरली त्यात. गणपतीचं मंडळ बसलं, मुरली त्यात. रक्तदानाचं शिबिर भरलं, मुरली सगळ्यांच्या आधी खाटेवर आडवा. तळ्यातला गाळ उपसायचं ठरलं, पहिलं घमेलं मुरलीच्या डोक्यावर. आणि जिथं जाई तिथून एक टी-शर्ट घेऊन येई. कबड्डीचा निळा, त्याच्या पाठीवर सातचा आकडा. मंडळाचा गुलाबी. रक्तदानाचा पांढरा, त्याच्या छातीवर लाल थेंब. गाळ उपसण्याचा हिरवा. असे किती तरी. सणासुदीलासुद्धा तेच अंगात घाली.

गजराबाई म्हणे, "अरे, दोन चांगले सदरे शिवून दिलेत, ते घाल की."

मुरली म्हणे, "आई, सदरा एकट्याचा असतो. हे घातलं की वाटतं, आपण पुष्कळ जण आहोत."

मग मुरलीचं लग्न ठरलं. नदीपल्याडच्या गावची मंजुळा सून म्हणून आली. हळदीच्या दिवशी मुरलीच्या मित्रांनी सगळ्यांना पिवळे टी-शर्ट केले. हळदीनं ते आणखी पिवळे झाले. मंजुळा बोलायला कमी, कामाला वाघीण. सासूच्या आधी उठे, सासऱ्याचा डबा गिरणीवर नेऊन देई. मुरली तिला हसवी, ती पदरात तोंड घालून हसे. घर भरलं.

एक वर्ष गेलं. भाद्रपद आला. मुरलीला ताप भरला. पहिल्या दिवशी वाटलं उतरेल. दुसऱ्या दिवशी तो बरळू लागला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेता नेता, नदीच्या पुलावर, बापाच्या मांडीवर मुरली गेला.

मग काय सांगावं? आईचा आकांत झाला, नगर हळहळलं. तेराव्याला बायका म्हणाल्या, "गजराबाई, त्याचे कपडे कुणाला तरी देऊन टाक. समोर राहिले की जीव तुटतो." गजराबाईनं ऐकलं नाही. तिनं दोरीवरचे गोळा केले, खुंटीवरचे गोळा केले, धुण्यातले न धुता गोळा केले. पिवळा काही सापडला नाही. बाकीचे सगळे तिनं लोखंडी पेटीत भरले, पेटीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली.

निवृत्ती म्हणाला, "त्यातला हिरवा मला दे. गिरणीवर घालीन." ती म्हणाली, "पिठात मळवायचा आहे का?" निवृत्ती गिरणीवर निघून गेला. त्यानंतर तो बहुतेक गप्पच राहिला.

मग एके दिवशी मंजुळा पुढं आली. म्हणाली, "आत्याबाई, मला एक द्या. कुठलाही द्या. उशाशी ठेवीन."

गजराबाईच्या तोंडून भलतंच निघालं. ती म्हणाली, "नऊ महिने पोटात मी वागवला. पंचवीस वर्षं मी जपला. तुझी सोबत ती केवढी? एका वर्षाची. तुला कशाला हवं?"

मंजुळा उठली. चूल सारवली, पाणी भरलं, सासऱ्याचा डबा भरून ठेवला. मग भावाला निरोप धाडला आणि त्याच्याबरोबर माहेरी निघून गेली. गजराबाईनं तिला थांबवलं नाही.

ऐकताय ना ग? पुढं ऐका.

मार्गशीर्ष आला. नगरात थंडी पडली, तशी ती गजराबाईच्याही घरी पडली. पण इतरांच्या घरची थंडी उन्हं वर आली की जाई, हिच्या घरची जाईना. चूल पेटवली तरी घर गार. दारं लावली तरी घर गार. दोन दोन कांबळी पांघरली तरी दोघांचे हातपाय बर्फासारखे. निवृत्तीला खोकला लागला. गजराबाई चुलीपुढं बसे, कमरेची किल्ली चाचपे आणि कुडकुडे.

एके सकाळी दारात एक म्हातारी आली. अंगावर ठिगळांचं लुगडं, हातात बाभळीची काठी. म्हणाली, "बाई, बाई, काही पांघरायला दे. नगराबाहेर ऊसतोडीची माणसं उतरलीत. पाचटाच्या कोपीत एक बाळंतीण आहे. पोर गारठलंय."

गजराबाई म्हणाली, "माझ्या घरात मलाच पांघरूण पुरत नाही." म्हातारी गेली.

दुसऱ्या दिवशी म्हातारी परत आली. "बाई, बाई, जुनंपानं असलं तरी चालेल."

गजराबाई म्हणाली, "भाकरी देते, पिठलं देते." म्हातारीनं भाकरी घेतली, कपाळाला लावली. म्हणाली, "आई जेवेल. पोराला काय पांघरवू?" गजराबाईनं मान वळवली. म्हातारी गेली.

तिसऱ्या दिवशी म्हातारी परत आली. उंबऱ्याशी टेकली. तिनं घरात पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं. विचारलं, "त्या पेटीत काय आहे ग?"

गजराबाई म्हणाली, "माझा लेक आहे."

म्हातारीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. म्हणाली, "तो तर चार भिंतींत कधी ठरत नव्हता म्हणे. त्याला कोंडलंस होय?"

एवढं बोलून ती काठी टेकत निघून गेली.

गजराबाई पेटीपाशी गेली. तिनं कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, झाकण वर केलं. आणि पाहते तर काय? रोज चुलीपुढं बसून ती मनाशी म्हणे, पेटीत माझ्या मुरलीचा वास आहे. वास गेला होता. कुबट वास राहिला होता. घामाचे, पावसाचे कपडे तसेच कोंडलेले. निळ्यावर पांढरी बुरशी धरली होती. गुलाबीला काळे ठिपके पडले होते. हिरव्याची बाही कसरीनं खाल्ली होती. तिनं एक उचलून नाकाशी धरला, दुसरा धरला, तिसरा धरला. मुरली कशातच नव्हता.

मग ती उठली. अनवाणी धावत सुटली. म्हातारीला हाका मारत घाटापर्यंत गेली. म्हातारी दिसेना. बाभळीखाली कुणी नाही, पायऱ्यांवर कुणी नाही. घाटावरच्या धर्मशाळेच्या ओसरीत मात्र सात बायका उन्हात बसल्या होत्या. मध्ये कापडांचे तुकडे, हातात सुया.

गजराबाईनं विचारलं, "बायांनो, हे काय करता?"

त्यांतली वडील बाई हौसाबाई. ती म्हणाली, "चिंधाईचा वसा करतो."

"त्यानं काय होतं?"

"घरात शिरलेला गारठा निघतो. तुटलेलं माणूस जोडलं जातं."

"तो वसा मला सांगा."

"तू घाबरशील. अर्ध्यावर टाकशील."

"घाबरेन, पण टाकणार नाही."

मग हौसाबाईनं सांगितलं, "जवळचं माणूस गेलं, दूर गेलं, मोठं होऊन घरट्यातून उडालं, त्याचे अंगावरचे कपडे काढावे. स्वच्छ धुवावे, उन्हात वाळवावे. बघून रडू आलं तर रडून घ्यावं, मग कात्री धरावी. त्यांची गोधडी शिवावी. पहिली गोधडी परक्याची, दुसरी घरची. परक्याला देताना जात विचारू नये, गाव विचारू नये. ज्याचे कपडे त्याचं नाव मात्र सांगावं, दोन गोष्टी सांगाव्या. आणि एक विसरू नकोस. ज्याचं कापड, त्याच्या साऱ्या माणसांचा एकेक टाका त्यात पडला पाहिजे. एक जरी राहिलं, तरी गोधडीला ऊब येत नाही."

गजराबाईनं बाभळीला हात जोडले. पदराची चिंधी फाडली, फांदीला बांधली, घरी आली.

तिनं पेटी अंगणात आणली. मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, साबण खिसला. एकेक कपडा धुतला. गुलाबीचे ठिपके काही गेले नाहीत, तिनं ते तसेच राहू दिले. निवृत्ती गिरणीवरून आला तर दोरीवर ओळीनं मुरलीचे टी-शर्ट. वाऱ्यानं फुगताहेत, बाह्या हलताहेत. निवृत्ती दारातच खाली बसला. गजराबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. दोघं बराच वेळ दोरीकडं बघत राहिली.

निवृत्ती म्हणाला, "त्या निळ्यात त्यानं सात गडी बाद केले होते. आठवतंय?"

ती म्हणाली, "मी कुठं बघायला आले होते? घरी पाहुणे होते."

"मग ऐक," निवृत्ती म्हणाला. आणि चार महिन्यांत न बोललेला माणूस बोलू लागला. सगळा सामना त्यानं तिला सांगितला. कोणी पकडलं, मुरली कसा निसटला, रेघेला बोट कसं लागलं. तिनं मध्येच विचारलं, "मग?" तो सांगत गेला. पलीकडच्या घरी दिवे लागले, यांच्या घरी लावायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी गजराबाईनं कात्री घेतली. पहिल्यांदा धरली, निळा समोर घेतला, कात्री पडली. दुसऱ्यांदा धरली, सातचा आकडा दिसला, कात्री पडली. तिसऱ्यांदा निवृत्तीनं कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. म्हणाला, "मी धरतो. तू काप. डोळे मिटू नकोस." तिनं कापलं. पहिल्या कापाला कापडाचा आवाज झाला, तो दोघांनी ऐकला. मग भराभर कापलं.

टी-शर्टाचं कापड मोठं लबाड. ओढलं की लांबतं, सोडलं की आखडतं. टाके तिरके जात. गजराबाई रडकुंडीला आली. हौसाबाईकडं गेली, तिनं युक्ती सांगितली. "प्रत्येक तुकड्याच्या पाठीला आधी जुनं सुती फडकं टाच. मग ते जागेवर राहील." गजराबाईनं आपलं नेसूचं एक जुनं लुगडं फाडून पाठी लावल्या, दुसरं खाली अंथरलं, मध्ये जुन्या धोतराचे दोन थर घातले, वर तुकडे मांडले. मध्ये सातचा आकडा, कडेला लाल थेंब, त्याला लागून गुलाबी, त्याला लागून हिरवा. चारी बाजूंनी धावदोरा घालत आत आत आली. निवृत्तीनं चष्मा लावून पाच टाके घातले, सगळे वाकडे. तिनं उसवले नाहीत.

गोधडी झाली. घडी केली, उलगडली, गजराबाईनं अंगावर घेऊन पाहिली. गार. निवृत्तीच्या अंगावर घातली. गार. चुलीपुढं धरून पाहिली, तरी गार.

निवृत्ती म्हणाला, "गजरा, एक टाका राहिलाय. तुला ठाऊक आहे कुणाचा."

तिला ठाऊक होतं. ती खाली बघत म्हणाली, "कुठल्या तोंडानं जाऊ?"

तो म्हणाला, "याच तोंडानं."

मग गजराबाईनं गोधडी खांद्यावर घेतली. सुई पदराला टोचली, दोऱ्याचं रीळ कनवटीला लावलं. पूल ओलांडला. पुलाच्या मध्यावर आली, तिथं मुरली गेला होता. चार महिने तिनं तो पूल टाळला होता. ती कठड्याला धरून उभी राहिली, खाली वाहतं पाणी पाहिलं, मग पुढं चालू लागली.

मंजुळेच्या माहेरी पोचली. दारात मंजुळेचा भाऊ भानुदास कडबा तोडत होता. त्यानं विळा खाली ठेवला नाही. म्हणाला, "का आलात? बहिणीला पाठवलंत तेव्हा तिच्या अंगावरचं हसूसुद्धा ठेवून घेतलंत. आणखी काय न्यायचं राहिलं?"

गजराबाई म्हणाली, "न्यायला नाही आले, बाबा. चुकले ते सांगायला आले. तू म्हणशील तर इथूनच सांगते आणि जाते."

आतून मंजुळेनं आवाज ऐकला. ती बाहेर आली. वाळली होती. सासूच्या पायांना भेगा पडलेल्या, त्यातून रक्त आलेलं तिनं पाहिलं. तांब्या आणला, पायांवर पाणी घातलं. मग समोर बसली.

गजराबाई म्हणाली, "मंजुळा, मी तुला वाईट बोलले."

"बोललात."

"एका वर्षाची सोबत म्हणाले."

"म्हणालात. पंधरा महिने आणि चार दिवस होते ते, आत्याबाई. मी विसरत नाही."

गजराबाई पुढं सरकली. ती म्हणाली, "मला वाटलं, तुला एक कपडा दिला तर माझा मुरली तेवढा कमी होईल. म्हणून कोंडून ठेवला. तर पेटीत त्याला बुरशी लागली ग. तू मागितलास तेव्हा दिला असता, तर निदान एक तरी जिवंत राहिला असता."

मंजुळा उठली. आत गेली. आली ती हातात पिवळा टी-शर्ट घेऊन. रंग उडालेला, काखेत उसवलेला, धुऊन धुऊन मऊ झालेला.

ती म्हणाली, "एक जिवंत आहे, आत्याबाई. मी चोर आहे. तेराव्याच्या आधीच मी हा घेतला. पीठ मळताना घालते, शेतात जाताना झंपराऐवजी घालते. वास कधीच गेला त्याचा. आता माझाच येतो. पण अंगात घातला की बरं वाटतं."

गजराबाईनं तो हातात घेतला. त्याला चुलीच्या धुराचा वास होता, घामाचा होता, मेथीचा होता. तिनं तो गालाला लावला. मग मंजुळेच्या हातात परत दिला. म्हणाली, "चोरला नाहीस, राखलास. हा तुझाच. मला याला कात्री लावायची नाही. मला फक्त तुझा एक टाका हवा. त्याच्याशिवाय गोधडीला ऊब येत नाही."

मंजुळेनं गोधडी उलगडली. सातच्या आकड्यावरून हात फिरवला. निवृत्तीचे वाकडे टाके ओळखले, हसली. किती दिवसांनी हसली! मग तिनं सुई मागितली. दोरा ओवला. एक टाका घातला, दुसरा घातला. तिसऱ्याला थांबली. घरातून कात्री आणली आणि गजराबाई नको नको म्हणत असता पिवळ्याची एक बाही कापली. म्हणाली, "हळदीशिवाय कोपरा कसा सोडायचा?" बाही कोपऱ्यावर ठेवली, दोघींनी दोन बाजूंनी शिवली. मध्ये दोघींच्या सुया भेटल्या. मंजुळेनं दोरा दातानं तोडला, तशी गोधडीतून ऊब आली. दोघींच्या मांड्यांना लागली. भानुदासानं विळा ठेवला आणि आत बायकोला ओरडून सांगितलं, "दोघींना ताट वाढ."

जेवून त्या दोघी निघाल्या. घरी गेल्या नाहीत, नगराबाहेर ऊसतोडीच्या तळावर गेल्या. पाचटाच्या कोप्यांची रांग होती. माणसं उसाच्या फडात गेलेली. एका कोपीत द्वारका नावाची बाळंतीण पोर छातीशी धरून बसली होती. पोर निळसर पडलेलं, रडायचंही बंद झालेलं. गजराबाईनं काही विचारलं नाही. पोर उचललं, गोधडीत गुंडाळलं, आईच्या पोटाशी दिलं, उरलेली गोधडी आईच्या खांद्यांवरून घेतली. मंजुळेनं बाहेर तीन दगड मांडून पाणी तापवलं, द्वारकेला पाजलं. दोघी दोन्ही बाजूंना बसून राहिल्या.

एक घटका गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. पोराच्या ओठांवर रंग आला. त्यानं हात बाहेर काढला, तोंड उघडलं आणि असं रडलं की तळावरची कुत्री भुंकू लागली. द्वारकाही रडू लागली, हसूही लागली.

ती म्हणाली, "मावशी, ही कुणाची?"

गजराबाई म्हणाली, "माझ्या मुरलीची. कबड्डी खेळायचा. कुणी हाक मारली की जेवणावरून उठून जायचा." मंजुळा म्हणाली, "आणि भाजीत मीठ जास्त झालं तरी सांगायचा नाही. पाणी पीत बसायचा." गजराबाईनं चमकून सुनेकडं पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं.

मग गजराबाईनं विचारलं, "तुमच्यातली ती म्हातारी कुठं आहे? तिनंच मला तुझं सांगितलं."

द्वारका म्हणाली, "आमच्यात म्हातारी कुणी नाही, मावशी. म्हातारी माणसं आम्ही गावीच ठेवून येतो."

गजराबाईनं मंजुळेकडं पाहिलं. दोघींनी तिथूनच बाभळीच्या दिशेनं हात जोडले.

घरी आल्या. निवृत्ती दारात उभा होता. म्हणाला, "काय झालं कोण जाणे, आज मला कांबळं नकोसं झालं." घरात पाऊल टाकलं तर घर उबदार. चुलीत नुसती राख, तरी घर उबदार. निवृत्तीचा खोकला दोन दिवसांत गेला. मंजुळा आठवडाभर राहिली, मग महिनाभर राहिली. उरलेल्या कपड्यांची दुसरी गोधडी तिघांनी मिळून शिवली. शिवता शिवता मुरलीच्या गोष्टी निघत. आईला ठाऊक त्या बायकोला नव्हत्या, बायकोला ठाऊक त्या बापाला नव्हत्या. गोधडी लवकर संपू नये म्हणून तिघंही टाके बारीक घालीत.

मग नगरात बातमी पसरली. लोक आपापल्या घरचे कपडे घेऊन येऊ लागले. एका पोस्टमनची बायको त्याचे खाकी सदरे घेऊन आली. एक मुलगी नर्सिंग शिकायला दूर निघाली होती, तिची आई तिचे शाळेतल्या खेळांचे टी-शर्ट घेऊन आली. कुणी बाळाची झबली आणली, कुणी रिक्षावाल्या भावाचा शर्ट. धर्मशाळेच्या ओसरीत सातांच्या सतरा बायका झाल्या. पहिली परक्याची, दुसरी घरची, हा नेम कुणी मोडला नाही. दरवर्षी थंडीत तळावर गोधड्या जाऊ लागल्या, दवाखान्याच्या बाकांवर जाऊ लागल्या, पुलाखाली निजणाऱ्यांना जाऊ लागल्या. देताना प्रत्येक जण नाव सांगे, दोन गोष्टी सांगे.

दोन वर्षं गेली. एके दिवशी गजराबाई मंजुळेला म्हणाली, "तू सव्वीस वर्षांची आहेस. आमच्या म्हातारपणाला तुझं तारुण्य बांधून ठेवणं मला बरं वाटत नाही." मंजुळा रागावली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही बघाल तो बघेन." वासुदेव नावाचा एस.टी.चा वाहक होता, शांत, बायको वारलेला. गजराबाईनं स्वतः बोलणी केली, निवृत्तीनं बाप होऊन कन्यादान केलं. भानुदास मान खाली घालून गजराबाईच्या पाया पडला.

पाठवणीच्या वेळी मंजुळेनं घरची गोधडी नीट घडी करून खाटेवर ठेवली आणि ती तशीच निघाली. गजराबाईनं पाहिलं. गोधडी उचलली, तिच्या हातात दिली.

मंजुळा हळूच म्हणाली, "आत्याबाई, ही नव्या घरी कशी नेऊ?"

वासुदेव मागेच उभा होता. तो पुढं झाला. सातचा आकडा पहिल्या गोधडीत गेला होता, पण हिच्यातही त्याच निळ्याचा तुकडा होता, तो त्यानं पाहिला. विचारलं, "मुरलीरावांची ना?" मंजुळेनं मान हलवली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली. म्हणाला, "आई, ही मी घेतो. बाकीचं सामान टपावर जाईल. ही मांडीवर ठेवीन."

गाडी गेली. निवृत्ती आणि गजराबाई अंगणात उभी राहिली. हौसाबाई सोबतीला आली होती. तिनं घरात पाहिलं. पेटीत शिवायला आलेले दुसऱ्यांचे कपडे, खुंटी रिकामी, खाट रिकामी. तिला वाईट वाटलं. ती म्हणाली, "गजरे, पहिली तळावर गेली. दुसरी सुनेबरोबर गेली. लेकाचं तुझ्याजवळ काय राहिलं ग?"

गजराबाईनं डोळे पुसले. म्हणाली, "काही राहिलं नाही, हौसाबाई. सगळं वापरात आहे."

चिंधाई माये, जसं तिचं सार्थकी लावलंस, तसं ऐकणाऱ्यांचं लाव, सांगणारीचं लाव. कुणाचं माणूस कुलपात राहू देऊ नकोस, कुणाचं पोर उघड्यावर निजू देऊ नकोस. साठ टाक्यांची ही कहाणी पाच टाक्यांत आवरली. गाठ मारली, दोरा तोडला. सुफळ झाली, संपूर्ण झाली. वाहा ग बायांनो अक्षता.